गाणं अडकतंय कुठं?

या वेळच्या टपालात नवं काय घ्यावं असं विचारणारे कमी, घेतलेलं चालत नाही म्हणणारेच जास्त. घरातली गाण्याची यंत्रं वायफायवर चालवताना येणाऱ्या अडचणींचं हे सदर ज्यांना नवं आहे त्यांच्यासाठी सांगते. मिरजेत सतारमेकर गल्लीपासून जवळच वडिलांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं मी अकरावीत असल्यापासून सोल्डरिंगला बसले. आता त्याच टेबलावर राउटर येतात. वडिलांचा नियम मात्र तोच चालतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही. पत्रं जागेसाठी थोडी कापली आहेत.

ताई, मी बँकेतून निवृत्त. मुलानं दिवाळीला रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर व्हॉल्युमिओ हा गाणी वाजवणारा प्रोग्राम बसवून दिला आणि बैठकीतल्या जुन्या अँप्लिफायरला जोडलं. महिनाभर झकास चाललं. गेल्या आठवड्यात फायबरचं नवं कनेक्शन आलं, तेव्हापासून मोबाइलवर प्लेयर दिसतच नाही. प्लेयरचा दिवा लागतो, इंटरनेटही सुसाट आहे. मुलगा म्हणतो पाय जळला असेल. नवा घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

काका, एक रुपयाही खर्च करू नका. उत्तर तुमच्याच पत्रात आहे: 'नवं कनेक्शन आलं, तेव्हापासून'. फायबरवाला भिंतीवर जो डबा लावून जातो तो बहुतेक वेळा स्वतःच राउटर असतो. आणि तुमचा जुना राउटरही त्याच्यामागे जोडून चालूच ठेवला असणार, कारण चालू वस्तू बंद करायला आपल्याकडे कुणाचा हात धजत नाही. म्हणजे एका घराचे दोन वाडे झाले. प्लेयर राहिला जुन्या वाड्यात, मोबाइल गेला नव्यात. इंटरनेट दोघांनाही मिळतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण मोबाइल प्लेयरला जी हाक मारतो, ती वाड्याच्या भिंतीबाहेर जात नाही.

खात्री दोन मिनिटांत होते. मोबाइल जुन्या राउटरच्या वायफायला जोडा आणि बघा. प्लेयर दिसला तर निदान पक्कं. मग जुना राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका, म्हणजे तो वेगळा वाडा न करता नुसतं वायफाय पुढे पोचवेल; ती सोय बहुतेक राउटरच्या सेटिंगमध्ये असते. नाहीतर तो सरळ बंद करा, पायला लॅनची वायर लावून ती नव्या डब्यात खोचा, ब्राउझरमध्ये 'व्हॉल्युमिओ डॉट लोकल' उघडा आणि नव्या वायफायचं नाव-पासवर्ड भरा. वायर तशीच ठेवता आली तर त्याहून चांगलं.

हे मी इतक्या छातीठोकपणे सांगते, कारण तीन वर्षांपूर्वी मी स्वतः यात तीन संध्याकाळी घालवल्यात. एसडी कार्ड बदललं, डॅक (डिजिटल गाण्याचा ऐकण्याजोगा आवाज करणारं यंत्र) उघडला, चांगला असलेला सांधा पुन्हा सोल्डर केला. वडिलांचा नियम मोडला, दुसरं काय! इंटरनेट कंपनीच्या मुलाला बोलावलं तर तो मोबाइलवर आकडा दाखवून म्हणाला, "मॅडम, स्पीड येतोय ना?" स्पीड येत होता. गाणं येत नव्हतं. शेवटी कागदावर दोन्ही आयपी पत्ते एकाखाली एक लिहिले तेव्हा दिसलं: मोबाइल १९२.१६८.१ वर, प्लेयर १९२.१६८.० वर. एका आकड्याचा फरक.

हीच तक्रार आणखी तीन कारणांनी होते, तीही तपासा. मोबाइल चुकून 'गेस्ट' वायफायला जोडला असेल, मोबाइलमध्ये व्हीपीएन चालू असेल, किंवा आयफोनवर त्या ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी नाकारली असेल. ती परवानगी तो एकदाच विचारतो आणि आपण घाईत 'नाही' दाबून मोकळे होतो.

आमचं फोंड्याजवळ जुनं घर आहे. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती. राउटर देवघराच्या खोलीत, स्पीकर बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर. संध्याकाळी बसून गाणी लावली की दहा मिनिटांनी अडकतात, परत सुरू होतात, परत अडकतात. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. २०० चा घेऊ का? (एक वाचक, गोवा)

नको. हिशोब मांडून बघा. सीडीच्या दर्जाचं गाणं, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, दोन चॅनल, सेकंदाला जवळपास १४ लाख बिट घेतं. म्हणजे १.४ एमबीपीएस. फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घालवता लहान केलेल्या फाइलमध्ये, दाबल्यावर त्याहून कमी. तुमच्याकडे १०० आहेत. तहान तांब्याची, नळ विहिरीएवढा. अडचण पाण्याची नाही, मधल्या पाइपाची आहे.

चिरा दगडच, त्यात पावसाळ्यात ओल धरणारा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अशा दोन भिंतींत दम सोडतं. २.४ चं जरा पुढे जातं, म्हणून आधी स्पीकर २.४ वर जोडून बघा आणि राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एकच निवडा, मधले नकोत. स्वयंपाकघर वाटेत असेल तर हेही लक्षात घ्या की मायक्रोवेव्ह ओव्हन याच २.४ च्या पट्ट्यात काम करतो. संध्याकाळीच अडकतंय म्हणता, तर त्या वेळी घरात काय गरम होतं ते पाहा.

खरा इलाज वायर. कॅट ६ ची वायर छपराच्या वाशांवरून नेली की कुठं दिसतही नाही, आणि १०० मीटरपर्यंत तिला काही होत नाही. बाल्कांवाजवळच्या खोलीत छोटा ॲक्सेस पॉइंट ठेवा, स्पीकर त्याच्याशी जोडा. वायर छपराखालूनच न्या. उघड्या अंगणातून तांब्याची वायर ओढली तर मे महिन्याच्या शेवटच्या गडगडाटात राउटर, स्पीकर आणि मनःशांती तिन्ही एकदम जातात. माझ्या टेबलावर जूनमध्ये अशा काळ्या पडलेल्या पोर्टांची रांग लागते.

गाणं चालू असताना फोन आला की गाणं थांबतं आणि समोरच्याचा आवाज हॉलभर घुमतो. सासूबाईंचा फोन होता. (एक वाचक, डोंबिवली)

तुम्ही ब्लूटूथवर ऐकताय. ब्लूटूथमध्ये मोबाइल स्वतः गाणं वाजवून स्पीकरला पाठवतो, त्यामुळे मोबाइलवर जे येईल ते स्पीकरवर जातं. स्पीकरला वायफाय असेल तर ॲपमधल्या 'कास्ट'च्या खुणेनं लावा. मग स्पीकर स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढतो आणि मोबाइल नुसता रिमोट राहतो. फोन घ्या, मोबाइल घेऊन खाली भाजी आणायला जा, गाणं चालू राहील. वायफाय नसलेलाच स्पीकर असेल तर ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये त्या स्पीकरसमोरचा 'कॉल' हा पर्याय बंद करा.

तीन महिने बसून सगळ्या सीडी आणि जुने एमपी३ एका हार्डडिस्कवर घेतले. साडेचार हजार गाणी. आता प्लेयरमध्ये भीमसेन जोशी चार वेगवेगळे दिसतात, काही गाण्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत, आणि गीतरामायण भलत्याच क्रमानं वाजतं. प्लेयर बदलावा का? (निवृत्त शिक्षिका, सोलापूर)

बाई, प्लेयरचा यात काही दोष नाही. त्याला माणसं कळत नाहीत, अक्षरं कळतात. एका फाइलवर 'Bhimsen'चं रोमन नाव, दुसरीवर त्याच्याआधी 'पं.', तिसरीवर 'पंडित', चौथीवर देवनागरी. त्याच्या लेखी हे चार गवई. तुम्ही वर्गात हजेरी घेतलीय, तुम्हाला हे काम माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

आधी संगणक बंद करा आणि एक वही घ्या. प्रत्येक कलाकाराचं नाव एकदाच, एकाच लिपीत, एकाच लेखनानं लिहा. माझ्या वहीत 'भीमसेन जोशी' एवढंच आहे. पंडित नाही, स्वरभास्कर नाही. आदर मनात ठेवा, टॅगमध्ये (फाइलला चिकटवलेल्या नावगावाच्या चिठ्ठीत) ठेवला की तो माणसाचे तुकडे करतो. लिपी कोणती घ्यायची हे घरात शोधणार कोण यावर ठरवा. नातवंडं रोमनमध्ये टाइप करणार असतील तर सगळं रोमन करा. पण अर्धं-अर्धं नको.

मग एमपी३टॅग हा फुकटचा प्रोग्राम घ्या. डावीकडे रकाने, उजवीकडे गाण्यांची यादी. एका कलाकाराची सगळी गाणी एकदम निवडायची, 'आर्टिस्ट'च्या रकान्यात वहीतलं नाव टाकायचं, सेव्ह. शंभर गाणी एका फटक्यात होतात. शेजारी 'अल्बम आर्टिस्ट' असाही रकाना आहे, तो रिकामा सोडू नका. जुगलबंदी किंवा नाट्यगीतांचा संग्रह असेल तर तो रिकामा राहिल्यामुळेच एका सीडीचे आठ अल्बम होतात. एवढं करूनही दोन सारखीच नावं वेगळी दिसली तर त्या रकान्यात क्लिक करून कीबोर्डवरचं 'एंड' दाबा. कर्सर शेवटच्या अक्षराला चिकटून न थांबता जरा पुढे थांबला तर तिथं एक मोकळी जागा बसलीय. डोळ्याला दिसत नाही, प्लेयरला दिसते. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या दोन किशोरी आमोणकर अशाच एका स्पेसनं वेगळ्या झाल्या होत्या.

प्रश्नचिन्हांचं मात्र वाईट वाटतं. जुन्या एमपी३ टॅगची पहिली पद्धत ३० अक्षरांची, आणि तिला देवनागरी ठाऊकच नाही. कुठल्यातरी प्रोग्रामनं मराठी नाव त्यात कोंबलं की त्याचं '????' होतं, आणि एकदा झालं की परत येत नाही. गाणं ऐकून नाव पुन्हा लिहायचं, एवढंच हातात. मात्र प्रश्नचिन्हांऐवजी इंग्रजी अक्षरांचा अगम्य लगदा दिसत असेल तर ते नाव युनिकोडच्या आधीच्या एखाद्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं असू शकतं. तिथं आशा आहे, जुन्या फाँटवरून युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात. पुढे असं होऊ नये म्हणून एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये लिहिण्याची पद्धत आयडी३ व्ही२.३, यूटीएफ-१६ ठेवा आणि व्ही१ ची खूण काढून टाका.

आता गीतरामायण. छप्पन्न गाणी, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे आलेली, क्रमानं कथा सांगणारी. ट्रॅक नंबरचा रकाना रिकामा असेल तर प्लेयर ती वर्णानुक्रमानं लावतो. मग 'अनुपमेय हो सुरू युद्ध हे' आधी वाजतं आणि 'राम जन्मला ग सखी' कुठंतरी 'र'मध्ये. युद्ध झालं, मग राम जन्मला! आणि सगळ्यांत पहिलं 'स्वये श्रीरामप्रभू ऐकती' जातं पार तळाजवळ. एमपी३टॅगमध्ये क्रमांक आपोआप टाकायची सोय आहे. आधी गाणी हातानं ओढून क्रमात लावा, मग ती वापरा, आणि आकड्याआधी शून्य ठेवा: ०१, ०२. शून्य नसेल आणि प्लेयर फाइलच्या नावावरून क्रम लावत असेल तर १ नंतर १० येतो, ११ येतो, आणि २ बिचारा विसाव्याच्या आधी उभा राहतो. संच अनेक सीड्यांचा असेल तर 'डिस्क नंबर'ही भरा, नाहीतर सगळ्या सीड्यांची पहिली गाणी एका ओळीत येऊन बसतील.

जाता जाता: राग मी 'ग्रूपिंग'च्या रकान्यात लिहिते. तुमचा प्लेयर तो दाखवत नसेल तर गाण्याच्या नावातच पुढे लिहा. पूरिया धनाश्री, मारवा, श्री अशी संध्याकाळची एक यादी करून ठेवलीय, दुकानाचं शटर ओढायच्या वेळी लावते. आणि हे सगळं झाल्यावर डिस्कची दुसरी प्रत करून ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा. तीन महिन्यांचं काम एका डिस्कवर ठेवून झोप कशी लागते तुम्हाला?

विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये एक-दीड सेकंद शांतता येते. मूळ सीडीवर नाही. फार चिडचिड होते. (एक वाचक, पुणे)

होणारच. तबलजी समेकडे निघालाय आणि मध्येच कुणीतरी दार लावल्यासारखं. सीडीवर तो सलग ध्वनी होता, ट्रॅकची खूण फक्त उडी मारायला. एमपी३ करताना मात्र प्रत्येक तुकड्याच्या आधी-नंतर थोडी शांतता भरली जाते, ती त्या पद्धतीतच आहे. चांगला एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्राम, ती किती भरली याची नोंद फाइलमध्ये ठेवतो आणि चांगला प्लेयर तेवढी कापतो. दोघांपैकी एक आळशी असला की खड्डा ऐकू येतो. फ्लॅकमध्ये ही भानगड नाही. सीडी हाताशी असेल तर पुन्हा फ्लॅकमध्ये घ्या.

फ्लॅक असूनही खड्डा पडत असेल तर गाण्यांची रांग कुणाकडे आहे ते पाहा. मोबाइलचं ॲप एक गाणं संपल्यावर पुढचं पाठवत असेल तर मध्ये वेळ जाणारच. रांग प्लेयरच्याच पोटात लावा. आणि 'क्रॉसफेड' बंद आहे ना? पार्टीच्या गाण्यांना ठीक आहे ते. इथं तराण्याच्या तोंडावर आधीच्या बंदिशीची शेपटी चढते.

स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा प्लेयर) जोडल्यापासून अँप्लिफायरमधून सतत घूं आवाज येतो. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागला की वाढतो. (एक वाचक, कोल्हापूर)

हे माझं जुनं दुकान. मागच्या सगळ्या वायरी काढा, नुसता अँप्लिफायर स्पीकरसह चालू करा. आवाज तसाच असेल, आणि जरा खरखरीत, तर अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकलेत. दुरुस्तीवाल्याकडे न्या, महाग काम नाही. आवाज गेला तर एकेक वायर परत लावत जा, ज्या वायरीला 'घूं' आला तिथं चोर. माझा अंदाज केबल टीव्हीच्या वायरीवर आहे. ती गच्चीवरून स्वतःची अर्थ (अर्थिंगची जोडणी) घेऊन येते, तुमचा अँप्लिफायर भिंतीतली अर्थ घेतो, आणि दोन अर्थींच्या मधून ५० हर्ट्झ फिरत राहतात. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. तेवढ्यानं नाही गेलं तर स्ट्रीमरपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल वापरा. त्यातून उजेड जातो, वीज जात नाही.

तिसरी पिन कापून आवाज घालवणारे महाभाग तुम्हाला भेटतील. आवाज जातो खरा. पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे, तिला हात लावू नका.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यावर अँप्लिफायर गुणगुणणारच. लाइट येईपर्यंत गाणं बंद ठेवा, किंवा पुढचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या.

मी बॉस्टनला असतो. आई सातारला एकटी, वय ७८. तिच्यासाठी स्ट्रीमर बसवून आलो, पण दर वेळी लाइट गेली की तो बंद पडतो आणि मग रात्री दोन वाजता मी व्हिडिओ कॉलवर 'आई, ते लाल बटण' करत बसतो. तिला मोबाइलवरचं ॲप जमत नाही. (एक वाचक)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा स्ट्रीमर रास्पबेरी पायचाच असणार असं धरते. लाइट अचानक गेली की पायचं एसडी कार्ड लिहिता लिहिता मध्येच तुटतं, चार-पाच वेळा असं झालं की ते उठतच नाही. पुढच्या फेरीत त्यावर पायकोअर प्लेयर हा प्रोग्राम बसवा. तो सुरू होताना सगळा मेमरीत चढतो आणि कार्डाला फारसा हात लावत नाही, वीज केव्हाही गेली तरी चालतं. राउटर आणि फायबरचा डबा यांना छोटा डीसी यूपीएस लावा. दोन्ही अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते आईंना वाचायला सांगा, बहुधा १२ असतील, पण वाचल्याशिवाय घेऊ नका.

ॲप आईंना शिकवू नका. पायकोअरबरोबर लिरिअन म्युझिक सर्व्हर बसतो, ज्याला आधी लॉजिटेक मीडिया सर्व्हर म्हणायचे. त्यात गजर लावता येतो: सकाळी सहाला अभंग, दुपारी चारला भावगीतं, आपोआप. शिवाय एक साधा रिमोट जोडून चार बटणांना चार याद्या द्या, प्रत्येक बटणावर मोठ्या अक्षरातली पट्टी चिकटवा.

याद्या करण्याआधी आईंना विचारा मात्र. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या मुलानं परदेशातून येऊन चार हजार गाणी भरून दिली होती. काकू महिन्यानं यंत्र पिशवीत घालून दुकानात आल्या, म्हणाल्या, बिघडलंय. चालू होतं. त्यांना सकाळची आकाशवाणी हवी होती आणि ती त्यात नव्हती. पहिल्या बटणावर मी तीच टाकून दिली. बाकीच्या तीन पट्ट्या अजून कोऱ्या आहेत.